हवाई दलात पायलट अधिकारी व्हायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइंग ब्रँचचा फॉर्म भरणारी मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच मुलं अडकतात. अभ्यास कमी पडला म्हणून संधी गेली, तर सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं. डोळ्यांचं ऑपरेशन चुकीच्या वयात झालं किंवा सीपीएसएस (विमान हाताळण्याचा कल मोजणारी, आयुष्यात एकदाच देता येणारी चाचणी) गाफीलपणे दिली, तर ते परत फिरवता येत नाही. म्हणून घाईत असाल तर प्रश्न ११ ते १६ आधी वाचा.

१. पायलट अधिकारी व्हायला नेमके किती मार्ग आहेत?

चार. पहिला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी): बारावीनंतर, यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा. दुसरा सीडीएस (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस): पदवीनंतर, तीही यूपीएससीची आणि वर्षातून दोनदा. तिसरा ॲफकॅट: हवाई दलाची स्वतःची ऑनलाइन परीक्षा, जाहिरात साधारणपणे डिसेंबर आणि जूनच्या सुमारास येते. चौथा एनसीसी स्पेशल एंट्री: एअर विंगचं सीनियर डिव्हिजनचं 'सी' सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, थेट एएफएसबीचं (हवाई दलाच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीचं) बोलावणं येतं.

चारही वाटा एएफएसबी, सीपीएसएस आणि मेडिकल याच दारांतून जातात. फरक आहे तो वयात, शिक्षणात आणि कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीच्या, प्रकारात (प्रश्न २१).

२. अग्निवीरवायू म्हणून भरती झालो तर पुढे पायलट होता येईल का?

अग्निवीरवायू ही सैनिक पातळीवरची भरती आहे, अधिकाऱ्यांची नाही. त्या भरतीतून विमान उडवण्याच्या ट्रेनिंगला जाता येत नाही. पायलट व्हायचं असेल तर वरच्या चारपैकी एक मार्ग धरावा लागतो. दोन्ही जाहिरातींवर निळा गणवेश असतो आणि गावाकडे दोन्हींना 'एअर फोर्सची भरती' म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. फॉर्म भरण्याआधी जाहिरातीचं पहिलं पान नीट वाचा.

३. वय कधीचं धरतात? फॉर्म भरताना मी २३ वर्षांचा आहे, म्हणजे बसतो ना?

वय फॉर्मच्या तारखेला मोजत नाहीत, कोर्स सुरू होण्याच्या तारखेला मोजतात. फॉर्म आणि कोर्स यांच्यामध्ये साधारण वर्ष जातं. ॲफकॅट आणि सीडीएसमधून फ्लाइंगसाठी वय २० ते २४ असतं. जुलै २०२६ च्या कोर्ससाठी ॲफकॅटमध्ये जन्मतारीख २ जुलै २००२ ते १ जुलै २००६ या दरम्यान हवी होती. एनडीएसाठी साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. जाहिरातीत नेमक्या दोन तारखा छापलेल्या असतात. तुमची तारीख त्यांच्यामध्ये बसते का एवढंच बघा, वर्षांचा हिशेब बोटांवर करू नका.

४. माझी खरी जन्मतारीख वेगळी आहे. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली. काय करू?

असे फोन दर महिन्याला येतात. यूपीएससी आणि हवाई दल दोघंही दहावीच्या सर्टिफिकेटवरचीच तारीख धरतात. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, कुंडली, प्रतिज्ञापत्र यांपैकी काहीही तिथे चालत नाही. १ जूनमुळे तुमचं वय जास्त दिसत असेल, तर त्याच तारखेवर हिशेब करून किती प्रयत्न हातात आहेत ते आजच मोजा.

५. बारावीला बायोलॉजी ग्रुप घेतला आहे. चालेल का?

गणित नसेल तर फ्लाइंग नाही, कुठल्याच मार्गाने नाही. एनडीएतून हवाई दलात जायला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स तिन्ही लागतात. ॲफकॅटला बारावीच्या गणितात आणि फिजिक्समध्ये प्रत्येकी किमान ५० टक्के हवेत, शिवाय पदवीला ६० टक्के. पदवी कुठल्याही शाखेची चालते. बारावीला गणित-फिजिक्स करून पुढे बीए किंवा बीकॉम केलेला मुलगा पात्र असतो, आणि हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

अकरावीच्या प्रवेशाआधी हे वाचत असाल, तर डॉक्टरकी आणि पायलट दोन्ही दारं उघडी ठेवायला चारही विषय घ्या.

६. दहावीनंतर डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला बीई. बारावी नाहीच. मग?

महाराष्ट्रात हा रस्ता घेणारी मुलं भरपूर आहेत, म्हणून हे सविस्तर सांगतो. ॲफकॅटच्या जाहिरातीत फ्लाइंगसाठी गणित-फिजिक्सची अट बारावीच्या पातळीचं नाव घेऊन घातलेली आहे. सीडीएसमध्ये एअर फोर्स ॲकॅडमीची अट वेगळ्या शब्दांत आहे: बारावीला फिजिक्स-गणित असलेली कुठलीही पदवी, किंवा इंजिनिअरिंगची पदवी. ती 'किंवा' तुमच्या कामाची. डिप्लोमा करून बीई झालेल्या मुलाने फ्लाइंगसाठी सीडीएसवर भर द्यावा. मुलींना ही वाट मिळत नाही, कारण सीडीएसमधून एअर फोर्स ॲकॅडमीत जायची सोय मुलांपुरती राहिली आहे (प्रश्न १७).

७. शेवटच्या वर्षाला आहे आणि एक विषय एटीकेटीत आहे. फॉर्म भरू का?

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ॲफकॅट भरू शकतात. मात्र तोवरच्या सेमिस्टरचे ६० टक्के हवेत आणि एएफएसबीला जाताना एकही बॅकलॉग नको. जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत पदवी पास झाल्याचा पुरावाही द्यावा लागतो. आपल्याकडे निकाल आणि पुनर्मूल्यांकन लांबतं. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन निकाल कधी लागेल ते विचारा, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं तेही विचारा. टक्केवारी सीजीपीएमध्ये असेल, तर विद्यापीठाच्या रूपांतराच्या नियमाचं पत्र सोबत ठेवा.

८. मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

एनडीएचे पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतात, इंग्रजी विषयाचे प्रश्न सोडून. ॲफकॅटचा पेपर इंग्रजीतच असतो. एएफएसबीचं कामकाजही मुख्यतः इंग्रजीत चालतं आणि पुढे आकाशात रेडिओवर बोलायचं तेही इंग्रजीत. तेव्हा इंग्रजी लागते, हे गोड शब्दांत लपवण्यात अर्थ नाही.

पण कुठली इंग्रजी लागते ते समजून घ्या. जे मनात आहे ते छोट्या, सरळ वाक्यांत, न अडखळता समोरच्याला कळेल असं सांगता आलं पाहिजे. उच्चार मराठी वळणाचा असला तरी बिघडत नाही. सहा महिने रोज वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून ती आरशासमोर तीन मिनिटं स्वतःच्या शब्दांत सांगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं एवढ्या सरावावर गटचर्चेत उभी राहताना मी पाहिली आहेत. जी गप्प बसली ती बहुतेक व्याकरणाला घाबरून गप्प बसली.

९. आरक्षण आहे का? नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल काढून ठेवू का?

अधिकारी भरतीत जातीचं आरक्षण नाही, राज्यांचा कोटाही नाही. ओबीसी, मराठा, खुला, सगळे एकाच गुणवत्ता यादीत. यूपीएससीच्या फॉर्मला अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि महिलांना फी माफ असते, तेवढीच सवलत. एनडीएची फी १०० रुपये आहे, सीडीएसची २००. ॲफकॅटची ५५० रुपये अधिक जीएसटी, एनसीसी स्पेशल एंट्रीला फी नाही. तहसील कार्यालयातल्या फेऱ्या वाचवा आणि तो वेळ प्रश्न १० च्या कामाला द्या.

परदेशात राहणाऱ्या मराठी पालकांसाठी: मुलाचं नागरिकत्व भारतीय असेल तर अर्ज करता येतो. परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असेल तर नाही.

१०. आधारवर नाव एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. अडेल का?

आपल्या बोर्डाच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी. नुसता क्रम वेगळा असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. गडबड होते ती स्पेलिंगमुळे. 'ज्ञानेश्वर' एका कागदावर 'डी'ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी'ने. 'वैष्णवी' कुठे 'व्ही', कुठे 'डब्ल्यू'. वडिलांच्या नावामागे 'राव' एकीकडे आहे, दुसरीकडे नाही.

फॉर्म दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच भरायचा, अक्षर न् अक्षर. ॲफकॅटच्या नोंदणीला आधार लागतं, म्हणून आधी आधार दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे दुरुस्त करून घ्या. पदवीच्या मार्कशीटवर चूक असेल तर विद्यापीठाकडे अर्ज आजच टाका, कारण तिथे महिने जातात. तोवर नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करून मूळ कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. पाच दिवसांच्या मुलाखतीला गेल्यावर पहिल्या सकाळी कागद तपासतात. तिथे घाम फुटलेला मुलगा दिवसभर सावरत नाही.

११. चष्मा आहे. पायलट होता येईल का?

फ्लाइंगसाठी एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ असायला हवी, आणि ती ६/९ चष्म्याने ६/६ होणारी हवी. ही सूट फक्त प्लस नंबरसाठी आहे. मायनस नंबर फ्लाइंगला चालत नाही, पाव नंबरही नाही. रंगदृष्टी पहिल्या दर्जाची, म्हणजे सीपी-वन लागते. रंगदोषाला औषध नाही आणि ऑपरेशनही नाही.

आता कळकळीची विनंती. क्लासची पन्नास हजार फी भरण्याआधी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. पूर्ण तपासणी करून घ्या: बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर, पडद्याची तपासणी आणि इशिहारा चार्टवर रंगदृष्टी. ही तपासणी एका दिवसात होते. रंगदोष आहे हे ज्यांना दोन वर्षांच्या तयारीनंतर मेडिकल बोर्डासमोर पहिल्यांदा कळलं, अशा मुलांच्या आईवडिलांशी मी बोललो आहे. सांगणारं आधी कुणी भेटलं नव्हतं, एवढीच त्यांची चूक.

१२. मग लेसिक (नंबर घालवणारं लेझर ऑपरेशन) करून घेतलं तर?

करता येतं, पण वय आणि वेळ चुकली तर उपयोग होत नाही. मुख्य अटी अशा: ऑपरेशन वयाच्या २० वर्षांनंतरच झालेलं हवं. ऑपरेशननंतर किमान १२ महिने कुठलीही गुंतागुंत न होता गेलेले हवेत. आधीचा नंबर ६ पेक्षा जास्त नको. शिवाय डोळ्याच्या गोळ्याची लांबी आणि उरलेल्या कॉर्नियाची जाडी ठरलेल्या मर्यादेत लागते, आणि पडदा निरोगी लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एनडीएला जास्तीत जास्त वय साडेएकोणीस, म्हणून एनडीएसाठी लेसिकचा पर्याय उरतच नाही. सतराव्या वर्षी ऑपरेशन करून देणारं कुणी भेटलं तर थांबा, त्याने पुढची ॲफकॅटची वाटही बंद होते. दुसरं, विसाव्या वाढदिवसानंतर ऑपरेशन आणि मग वर्षभर थांबणं, म्हणजे चोविसाच्या मर्यादेपर्यंत हातात मोजकेच प्रयत्न राहतात. ते कॅलेंडरवर मांडून मगच ठरवा. ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा, आणि मेडिकलला ऑपरेशन लपवू नका. त्यांच्या यंत्रावर ते दिसतं.

१३. उंची किती लागते? आणि पाय मोजतात म्हणे?

फ्लाइंगसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर. त्याखेरीज बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२० आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर.

याचं कारण कॉकपिटमध्ये आहे. पाय आखूड असतील तर रडरच्या पेडलवर पूर्ण जोर पोचत नाही. बसल्यावरची उंची जास्त असेल तर डोकं कॅनोपीला लागतं. मांडी लांब असेल तर इजेक्शन सीट सुटताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळू शकतात. ही मापं डॉक्टरांच्या मर्जीवर नसतात, त्यामुळे तिथे विनवणी चालत नाही.

घरी मोजायचं तर भिंतीला पाठ आणि बैठक पूर्ण टेकवून पाय सरळ पसरून बसा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी. गुडघे वाकवून बसल्यावर भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे मांडी. सेंटिमीटरभर इकडेतिकडे होईल, पण अंदाज येतो.

१४. लेखी परीक्षेत काय असतं आणि एएफएसबीचे पाच दिवस कसे जातात?

लेखीचं थोडक्यात. ॲफकॅटला दोन तासांत १०० प्रश्न, ३०० गुण, बरोबर उत्तराला तीन, चुकीच्याला उणे एक. इंग्रजी, सामान्य ज्ञान, अंकगणित, तर्क. एनडीएला गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० आणि मुलाखतीचे ९०० वेगळे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की याचा स्वभाव कळतो.

एएफएसबीची केंद्रं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाडा इथे आहेत. आपल्याकडच्यांना गांधीनगर किंवा म्हैसूर सोयीचं पडतं. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्रावरून गोष्ट लिहून त्यावर गटचर्चा. यात जे नापास होतात त्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. उरलेल्यांना पुढे मानसशास्त्रीय चाचण्या: बारा चित्रांवर गोष्टी (शेवटचं कोरं), साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, अर्ध्या तासात साठ प्रसंग, आणि स्वतःबद्दलचं लिखाण. मग मैदानावरच्या गटाच्या कसोट्या आणि वैयक्तिक मुलाखत.

लेखी प्रसंगांत तुम्ही काय लिहिता, मैदानावर दोरी-फळी घेऊन काय करता आणि मुलाखतीत काय सांगता, हे तीन वेगवेगळी माणसं पाहतात आणि शेवटी एकत्र बसतात. पाठ केलेल्या गोष्टींत तुम्ही पुढाकार घेणारे दिसता आणि मैदानावर मागे उभे राहता, हे त्यांना लगेच दिसतं. म्हणून तयार उत्तरांची पुस्तकं बाजूला ठेवा. घरचं लग्न, गणेशोत्सवाचं मंडळ, शेतातलं काम, कॉलेजचं संमेलन यांत तुम्ही खरोखर काय सांभाळलं ते लिहून काढा. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात, आणि तिथे खरं बोलणारा शांत राहतो.

पहिल्यांदा त्या प्रकारच्या एंट्रीला जाणाऱ्यांना रेल्वेच्या थ्री-टायर एसीचं भाडं मिळतं. तिकिटं जपून ठेवा. एएफएसबीला कितीदा जायचं याला मर्यादा नाही, वय आडवं येईपर्यंत जा.

१५. सीपीएसएस म्हणजे काय? खरंच आयुष्यात एकदाच?

हो, एकदाच. कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम ही विमान हाताळण्याचा कल मोजणारी चाचणी आहे. पूर्वी तिच्या जागी पीएबीटी होती. एएफएसबीने शिफारस केलेल्या, फ्लाइंग मागितलेल्या उमेदवारांचीच ती होते.

तिचे भाग असे. उपकरणांच्या तबकड्या वाचून विमानाची स्थिती ओळखणं. हातातली जॉयस्टिक आणि पायांतली पेडलं एकाच वेळी चालवून पडद्यावरचा ठिपका जागेवर धरणं, आणि मधेच दिवा किंवा आवाज आला की त्यालाही प्रतिसाद देणं. तिसऱ्या भागात वेग सांभाळायचा. चाचणीआधी तिथेच समजावून सांगतात.

सल्ला एकच. चाचणीच्या आदल्या रात्री झोपा. शिफारस झाली की आनंदात मुलं घरी, मित्रांना, सरांना फोन करत रात्र जागवतात आणि सकाळी लाल डोळ्यांनी जॉयस्टिकवर बसतात. माझ्या पुतण्याने हेच केलं. तो आज दुसऱ्या ब्रँचमध्ये समाधानाने काम करतो, पण ती रात्र तो विसरलेला नाही. ताप, सर्दी किंवा हाताला दुखापत असेल तर चाचणी सुरू होण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगा. नंतर सांगून काही होत नाही.

१६. सीपीएसएस नापास झालो. सगळं संपलं का?

हवाई दलात पायलट होणं संपलं. कुठल्याही मार्गाने पुन्हा फ्लाइंगचा अर्ज करता येत नाही, आणि लपवून केला तरी नोंदीत सापडतो. बाकी दारं उघडी असतात. एनडीएतून गेलेल्या आणि बोर्डाने शिफारस केलेल्या उमेदवाराचा विचार ग्राउंड ड्यूटी (हवाई दलातलं जमिनीवरचं काम), लष्कर किंवा नौदलासाठी, त्याने फॉर्ममध्ये दिलेल्या पसंतीप्रमाणे, होऊ शकतो. म्हणून यूपीएससीच्या फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरताना फक्त हवाई दलावर थांबू नका. ॲफकॅटमध्येही टेक्निकल आणि नॉन-टेक्निकल शाखांची पसंती पात्रतेप्रमाणे भरून ठेवा.

जे पास झाले पण मेरिटमध्ये बसले नाहीत, त्यांचं पास होणं पुढच्या प्रयत्नाला कामी येतं. तो कागद जपा.

१७. मुलींसाठी काय मार्ग आहेत?

एनडीए, ॲफकॅट आणि एनसीसी स्पेशल एंट्री. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून बाहेर पडल्या. जागा मात्र फार कमी आहेत: हवाई दलाच्या फ्लाइंगच्या ९२ जागांपैकी अलीकडच्या जाहिरातींत मुलींसाठी दोन. त्यामुळे मुलीने एनडीए द्यावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. पदवी आणि ॲफकॅट ही तिची मोठी वाट आहे.

फायटर मुलींना देतात का, असंही विचारतात. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग फायटर प्रवाहात कमिशन झाल्या, तेव्हाच त्याचं उत्तर मिळालं.

१८. मेडिकलला 'टेम्पररी अनफिट' दिलं. पुढे?

फ्लाइंगची मेडिकल दिल्लीच्या एएफसीएमईत (हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात) किंवा बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये होते. जादा वजन, कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, हर्निया अशा सुधारता येण्यासारख्या गोष्टींवर टेम्पररी अनफिट देतात. हातात जो कागद देतात त्यावर अपील मेडिकल बोर्डाची मुदत आणि रुग्णालय लिहिलेलं असतं. मुदतीत उपचार करून तिथे हजर व्हायचं. 'परमनंट अनफिट' असलं तरी अपील करता येतं, त्यानंतर रिव्ह्यू बोर्ड असतं, पण ते मागितलं म्हणून मिळतंच असं नाही.

दात, कान, वजन आणि पोटाची सोनोग्राफी एएफएसबीच्या आधीच उरकून घ्या. टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि हाताच्या पंज्याच्या मागे चालतो, इतरत्र नाही. काही जमातींच्या परंपरेतल्या गोंदणाला सूट आहे.

१९. शिफारस झाली, फिट झालो, तरी जॉइनिंग लेटर नाही. कुणाला भेटू?

कुणालाही नाही. शिफारस आणि फिटनेस मिळाल्यावर अखिल भारतीय गुणवत्ता यादी लागते आणि जागा असतील तेवढ्यांनाच पत्र जातं. लेखीतले गुण इथे पुन्हा कामाला येतात, म्हणून 'कटऑफपुरते मिळाले तरी बस' हा हिशेब चुकीचा. पैसे देऊन नाव लावून देतो म्हणणारा भेटला तर पोलिसांत जा.

२०. ट्रेनिंग कुठे होतं? पगार कधीपासून?

एनडीएची मुलं तीन वर्षं खडकवासल्याला, नंतर हैदराबादजवळ दुंडीगलच्या एअर फोर्स ॲकॅडमीत. ॲफकॅटवाले थेट हवाई दलाच्या ट्रेनिंगला, फ्लाइंगसाठी ६२ आठवडे. पहिलं विमान पिलाटस पीसी-७. पुढे फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर असे प्रवाह फुटतात: फायटरवाले बिदरला हॉकवर, ट्रान्सपोर्टवाले येलहंक्याला, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला. फॉर्ममध्ये 'फायटरच हवं' असं लिहायची जागा नसते. ट्रेनिंगमधली कामगिरी आणि दलाची गरज यांवर ते ठरतं.

फ्लाइट कॅडेटला ट्रेनिंगच्या वर्षात दरमहा ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. कमिशननंतर लेव्हल १० चा पगार, त्यावर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि फ्लाइंग भत्ता वेगळा.

२१. परमनंट की शॉर्ट सर्व्हिस? १४ वर्षांनी घरी बसावं लागतं का?

एनडीए आणि सीडीएसमधून परमनंट कमिशन. ॲफकॅटमधून फ्लाइंगला १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. तेविसाव्या वर्षी कमिशन मिळालं तर सदतिसाव्या वर्षी बाहेर. पेन्शन नसते, पण हजारो तासांचा उड्डाणाचा अनुभव असतो आणि नागरी विमान कंपन्यांचा दरवाजा डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षा देऊन उघडतो. घरच्यांशी हे आधी बोला, विशेषतः घराचं कर्ज आणि धाकट्या भावंडांचं शिक्षण तुमच्यावर असेल तर.

२२. साखरपुडा झालाय. लग्न कधी करू?

कोर्स सुरू होताना २५ वर्षांखालील उमेदवार अविवाहित हवा आणि ट्रेनिंग संपेपर्यंत लग्न करता येत नाही. साखरपुड्याला हरकत नाही. मुहूर्त कमिशननंतरचा काढा आणि दोन्ही घरांना आत्ताच सांगा.

२३. ट्रेनिंग मध्येच सोडलं किंवा उड्डाण जमलं नाही तर?

दोन्ही वेगळं. स्वतःहून सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरून द्यावा लागतो. एनडीएत पालकांकडून तसं लिहून घेतात, तो कागद वाचून सही करा. उड्डाणात प्रगती होत नाही म्हणून थांबवलं, तर जागा असतील त्याप्रमाणे ग्राउंड ड्यूटीसाठी विचार होऊ शकतो, पण तो हक्क नाही. अशा कॅडेटला फ्लाइंगला पुन्हा अर्ज करता येत नाही (प्रश्न १६ प्रमाणेच).

२४. महाराष्ट्रात सरकारी तयारीची सोय आहे का? क्लासशिवाय होईल?

होईल. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून एनडीएसाठी मुलं घडवते आहे. दहावीत असताना प्रवेश परीक्षा, मग अकरावी-बारावी तिथेच. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था २०२३ मध्ये सुरू झाली. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्यातल्या पात्र उमेदवारांना मुलाखतीची तयारी राहण्या-जेवणासह मोफत करून देतात. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, तीही सहावीपासूनची वाट.

क्लास लावायचाच असेल तर लेखीसाठी लावा. व्यक्तिमत्त्व शिकवतो म्हणणाऱ्याला एवढं विचारा की तो मैदानावर किती वेळ घेतो.

२५. हवाई दलच का? नौदल किंवा लष्करातून उडता येत नाही का?

येतं. नौदल पायलटची शॉर्ट सर्व्हिस एंट्री काढतं, सुरुवातीचं ट्रेनिंग केरळात एळिमलाला. लष्करात आधी अधिकारी व्हायचं, मग आर्मी एव्हिएशनसाठी निवड होते. त्यांची प्रशिक्षण शाळा आपल्या नाशिकला, गांधीनगर भागात आहे. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. प्रत्येक दलाची मापं आणि डोळ्यांच्या अटी वेगळ्या, म्हणून इथले आकडे तिथे लावू नका.

२६. माझ्याकडे डीजीसीएचं सीपीएल आहे आणि वय २५. उशीर झाला?

ॲफकॅटमध्ये डीजीसीएचं चालू कमर्शियल पायलट लायसन्स असणाऱ्यांना फ्लाइंगसाठी २६ पर्यंत मुभा आहे. लायसन्स चालू हवं, मुदत संपलेलं नको. बारावीचे गुण, पदवीचे ६० टक्के, डोळे, मापं, एएफएसबी, सगळं इतरांसारखंच. सीपीएसएसही द्यावीच लागते, दोनशे तास उडवलेलं असलं तरी. वयाची मुदत कोर्सच्या तारखेला मोजतात हे इथेही लागू (प्रश्न ३), तेव्हा पुढची जाहिरात तुमची शेवटची असू शकते. लायसन्सचं नूतनीकरण बाकी असेल तर ते या आठवड्यात करा.